मुलाच्या मागोमाग चालणारे संगीत



या संमेलनाचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. मराठी संगीताचे या भूमीशी जुने नाते आहे. १९५४ साली दादरा-नगर हवेली पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाली, त्या लढ्यात सुधीर फडके यांनी प्रत्यक्ष भाग घेतला होता आणि लढ्याला निधी मिळावा म्हणून लता मंगेशकर पुण्यात गायल्या होत्या. गाणे मैफिलीबाहेरही माणसांच्या उपयोगी पडते, हे इथे वेगळे पटवून द्यावे लागत नाही. आज याच दादरा-नगर हवेलीतल्या मसाटमध्ये आपण विचार करणार आहोत तो याच उपयोगाच्या एका नव्या, नाजूक आणि जबाबदारीच्या रूपाचा. संगीतोपचारक कसा घडतो? त्याची पूर्वतयारी कुठे होते? माझे उत्तर असे की ती तयारी लहान मुलांच्या संगीतशिक्षणात सर्वांत चांगली होते. दोन ते सात वर्षांच्या मुलांना गाणे, ठेका आणि हालचाल शिकवताना शिक्षकाच्या अंगी जे कौशल्य मुरते, तेच उपचाराच्या खोलीत कामाला येते. मात्र त्याला रीतसर वैद्यकीय प्रशिक्षणाची जोड मिळेपर्यंत त्या कामाला उपचार म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या, तरच या व्यवसायाला भवितव्य आहे.

संगीतशिक्षण म्हटले की आपल्यासमोर परीक्षांची चढण उभी राहते. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि १९३१ मध्ये गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झाले. प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या पायऱ्यांनी संगीत सामान्य घरांत, विशेषतः मुलींपर्यंत पोचले. हे ऋण फार मोठे आहे. तरी त्या शिक्षणाचा रोख सादरीकरणाकडे आहे, हेही तितकेच खरे. विद्यार्थी गुरूच्या मागे जातो, गुरू रागाच्या चलनामागे जातो आणि दोघांचे लक्ष ऐकणाऱ्याकडे असते. उपचाराच्या खोलीत हा क्रम उलटतो. तिथे मूल टेबलावर हात आपटते, एकच स्वर गुणगुणत राहते किंवा नुसते रडते, आणि प्रशिक्षित माणसाने त्या आपटण्यातली लय उचलायची असते, तो स्वर षड्ज मानून त्याच्याभोवती गाणे बांधायचे असते. मुलाला आपल्या तालावर आणण्याआधी आपण त्याच्या तालावर जायचे असते. विशारद झालेल्या उत्तम गायकालाही हे आपोआप जमत नाही, कारण त्याच्याकडून हे कधी कोणी मागितलेलेच नसते. बालवाडीच्या ताईकडून मात्र ते रोज मागितले जाते.

या बाबतीत आपल्याला दूर जायची गरज नाही. इथून जवळच डहाणू तालुक्यात, बोर्डीला, ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्त्यांच्या सान्निध्यात गेले. शाळेत न येणाऱ्या मुलांसाठी शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, गुरे राखणाऱ्यांसाठी ती कुरणात भरवायची, पाने, बिया, खडे हेच साहित्य मानायचे, आणि गाणे व खेळ हे शिक्षणाचे माध्यम करायचे, ही त्यांची पद्धत होती. मूल आहे तिथून सुरुवात करायची, हे त्यामागचे तत्त्व. संगीतोपचाराची बैठकही नेमकी हीच आहे. जर्मनीतही असाच प्रवास घडला. म्युनिकमध्ये कार्ल ऑर्फ आणि गुनिल्ड केटमन यांनी बोलणे, नाचणे आणि साध्या वाद्यांवर वाजवणे एकत्र आणणारी बालसंगीताची पद्धत विकसित केली. पुढे गेर्ट्रुड ऑर्फ यांनी तीच पद्धत विकासात अडथळे असलेल्या मुलांसाठी वळवली आणि ती संगीतोपचाराची एक स्वतंत्र शाखा झाली. १९५९ मध्ये इंग्लंडमध्ये पॉल नॉर्डॉफ हे संगीतकार आणि क्लाइव्ह रॉबिन्स हे विशेष शिक्षक एकत्र आले, त्यातून आज जगभर चालणारी आणखी एक पद्धत निघाली. या दोन्ही ठिकाणी संगीताची आणि मुलांच्या शिक्षणाची गाठ पडली, तेव्हाच उपचाराचे दार उघडले.

ही गाठ इतकी फलदायी का ठरते, याचे कारण मुलाच्या घडणीत आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात नवजात अर्भकांना तालाचा एक साधा ठेका ऐकवला गेला. त्यातला मुख्य ठोका गाळला की झोपेत असलेल्या बाळांच्याही मेंदूत त्याची नोंद उमटत होती. शब्दांच्या फार आधी माणसाला पुढच्या ठोक्याची अपेक्षा असते. ही अपेक्षा हेच बालसंगीताचे खरे भांडवल. अनुभवी ताई बडबडगीत दोनदा पूर्ण म्हणते आणि तिसऱ्यांदा ओळीचा शेवटचा शब्द गाळून थांबते. ती रिकामी जागा मूल भरते. कधी शब्दाने, कधी टाळीने, कधी नुसते वर बघून. जे मूल बोलत नाही, त्याच्या बाबतीत ही थांबण्याची जागा म्हणजेच उपचाराची जागा. किती वेळ थांबायचे, मुलाचा श्वास भरभर चालला असेल तर गाणे आधी त्या गतीला नेऊन मग हळूहळू कसे उतरवायचे, दहा मुलांच्या गोलात एक मूल बाहेर राहिले तर त्याच्या हातात खंजिरी कधी द्यायची आणि कधी द्यायची नाही, हे पुस्तकात वाचून येत नाही. ते हजारो वेळा केल्याने येते. अमेरिकेत ११ रुग्णालयांतील २७२ अकाली जन्मलेल्या बाळांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही प्रशिक्षित उपचारकांनी आईवडिलांच्या आवडीचे गाणे घेऊन त्याची अंगाई केली आणि ती बाळाच्या श्वासाशी जुळवून गायली. त्याचे चांगले परिणाम बाळांच्या हृदयगतीवर, झोपेवर आणि दूध ओढण्यावर दिसले. तिथे कामी आली ती हीच जुळवून घेण्याची कला.

इथे पहिला आक्षेप येतो. ज्यांचे स्वतःचे संगीतशिक्षण बालपणी झाले नाही, त्यांनी या व्यवसायात येऊच नये का? सातव्या वर्षाआधी वाद्य शिकू लागलेल्या आणि नंतर शिकू लागलेल्या वादकांची तुलना झाली आहे. शिक्षणाची वर्षे सारखी असूनही लवकर सुरुवात करणाऱ्यांची लयीशी हात जुळवण्याची क्षमता सरस आढळली. लवकर शिकण्याचा लाभ खरा आहे. परंतु हा लाभ वादकाच्या हाताचा आहे. उपचारकाला लागणारे कान, संयम आणि मुलाचे भान हे कोणत्याही वयात, मुलांबरोबर काम करूनच येते. म्हणून बालपणीचे शिक्षण हे वरदान मानावे, प्रवेशाची अट करू नये. त्याच वेळी पालकांना भुलवूही नये. १९९३ मध्ये मोझार्ट ऐकल्यावर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची एका विशिष्ट चाचणीतली कामगिरी थोडा वेळ सुधारल्याचे प्रसिद्ध झाले आणि बघता बघता त्याचे बाळांची बुद्धी वाढवणाऱ्या कॅसेटींत रूपांतर झाले. पुढच्या अनेक प्रयोगांत तो परिणाम टिकला नाही. २०१३ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी छोट्या मुलांच्या संगीतवर्गांवर केलेल्या दोन प्रयोगांतही बौद्धिक क्षमतेतला खात्रीलायक लाभ दिसला नाही. गाण्याने गणित सुधारते असे सांगून गाणे विकणे आपण थांबवले पाहिजे. गाण्याने मूल दुसऱ्या माणसाशी जोडले जाते, एवढे कारण पुरेसे आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो डॉक्टर मंडळी रास्तपणे घेतात. पुरावा कुठे आहे? २०१७ मध्ये ९ देशांतील ३६४ स्वमग्न मुलांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. पाच महिन्यांनंतर संगीतोपचार मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांच्या सामाजिक लक्षणांत लक्षणीय फरक आढळला नाही. हा निष्कर्ष आपल्या सभांमध्ये क्वचितच सांगितला जातो. तो सांगितला गेला पाहिजे. त्यानंतर २०२२ मध्ये कॉक्रेन या संस्थेने २६ अभ्यासांचा, म्हणजे ११६५ व्यक्तींचा, एकत्रित आढावा घेतला. त्यात एकूण सुधारणेची शक्यता, लक्षणांची एकंदर तीव्रता आणि जीवनमान यांत लाभ संभवतो असे दिसले. सामाजिक संवादाबाबत मात्र स्पष्ट पुरावा मिळाला नाही. यावरून मी दोन गोष्टी घेतो. संगीत स्वमग्नता बरी करते, असे कोणत्याही पालकाला सांगणे ही फसवणूक आहे. आणि मुलाचे रोजचे जगणे सुसह्य व्हावे, कुटुंबाला त्याच्याशी खेळता यावे, या उद्दिष्टांसाठी संगीताचा नीट, मोजून, प्रामाणिक वापर करणे समर्थनीय आहे. ज्या उपचारात मोजायचे कसे हेच अजून ठरत आहे, तिथे नोंदी ठेवणाऱ्या उपचारकांची गरज जास्त असते.

तिसरा आक्षेप आपल्याच घरातला आहे. आपल्याकडे रागांची परंपरा असताना बालगीते कशाला, अमुक विकाराला अमुक राग ही विद्या पुरेशी नाही का, असे विचारले जाते. रागसंगीताबद्दल मला नितांत आदर आहे, आणि म्हणूनच त्याची औषधांच्या यादीत मांडणी झालेली मला पाहवत नाही. एकाच रागाने सर्वांचा रक्तदाब उतरतो, असे म्हणण्याइतका भक्कम आधार नाही. ऐकणारा कोण, त्याच्या कानावर लहानपणापासून काय पडले, गाणारा कसा गातो, यावर परिणाम अवलंबून असतो. यमन ऐकतच मोठी झालेली आजी आणि यमन कधीच न ऐकलेले मूल यांना एकच मात्रा लागू पडणार नाही. याच्या दुसऱ्या टोकाला, आई गातेच की, मग पदवी कशाला, असेही म्हटले जाते. आईचे गाणे अमूल्यच आहे. तिला त्याचा हिशेब कोणाला द्यावा लागत नाही, आणि लागूही नये. उपचारकाला मात्र तो द्यावा लागतो: उद्दिष्ट काय होते, काय केले, काय बदलले आणि बदलले नाही तर कधी थांबलो.

हा सगळा विचार मसाटच्या मातीत उतरवून पाहू. इथे कारखान्यांमुळे निरनिराळ्या प्रांतांतली कुटुंबे आली आहेत आणि भोवती वारली, कोकणा, धोडिया, दुबळा यांची वस्ती आहे. एकाच अंगणवाडीत चार-पाच भाषा बोलणारी मुले बसतात. इथल्या उपचारकाला मूल ज्या गाण्यात वाढले ते गाणे माहीत हवे. वारल्यांमध्ये लग्न धवलेरी, म्हणजे स्त्री-पुरोहित, गाऊन लावते आणि तारपा या फुंकवाद्याच्या सुरावर सगळी वस्ती फेर धरते. संगीत सर्वांनी मिळून करायचे असते, हे या मुलांना आधीच ठाऊक असते. तो आपला फायदा आहे. गरजही उघड आहे. मुलांमधील जन्मजात दोष, आजार आणि विकासातील विलंब लवकर शोधण्याचा राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये शेजारच्या पालघरमधूनच सुरू झाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ओळखलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नतेबरोबर सिकलसेलही आहे, आणि हा आजार या पट्ट्यातील आदिवासी समाजांत मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्यातल्या वेदनेच्या झटक्यांवर औषधोपचाराला पर्याय नाही. पण रुग्णालयाच्या खाटेवर घाबरलेल्या मुलाची भीती हलकी करणे, वेदनेकडून त्याचे लक्ष वळवणे, हे काम प्रशिक्षित संगीतोपचारक डॉक्टरांच्या देखरेखीखाली करू शकतो.

प्रशिक्षित म्हणजे किती? अमेरिकेत १९४४ साली मिशिगनमध्ये संगीतोपचाराचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. तिथल्या व्यावसायिक संघटनेने १२०० तासांच्या प्रत्यक्ष रुग्णकार्याची अपेक्षा ठेवली. ब्रिटनमध्ये नोंदणी नसलेल्या माणसाला स्वतःला संगीतोपचारक म्हणवता येत नाही. आपल्याकडे १९९२ च्या पुनर्वसन परिषद कायद्यात ज्या व्यावसायिकांची नोंद होते, त्यांत स्पीच थेरपिस्ट आहेत, विशेष शिक्षक आहेत, संगीतोपचारक नाहीत. मग नोकऱ्या कुठून येणार, असा प्रश्न तरुणांच्या मनात असणारच, आणि तो रास्त आहे. माझे उत्तर असे की मान्यता मागण्याआधी मान्यतेजोगे काम उभे करावे लागते. त्यासाठी या संमेलनाने तीन गोष्टी हाती घ्याव्यात, अशी माझी विनंती आहे. बालसंगीत शिकवण्याचा अनुभव असलेल्यांसाठी बालविकास, दिव्यांगत्व, मानसशास्त्र आणि नोंदी ठेवणे यांचा अभ्यासक्रम डॉक्टर, स्पीच थेरपिस्ट आणि विशेष शिक्षकांच्या सहभागाने आखावा. प्रत्येक शिकाऊ उपचारकाने अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली ठरावीक तास काम केल्याशिवाय त्याला प्रमाणपत्र देऊ नये. आणि वारली, कोकणा, मराठी, गुजराती बालगीतांचा, फेराच्या नाचांचा, अंगाईंचा संग्रह करावा, तो त्या त्या समाजातील गाणाऱ्या बायांना शिक्षक मानून आणि त्यांना योग्य मानधन देऊन.

बालवाडीत गाणाऱ्या ताईला आजवर आपण संगीताच्या दुनियेत फार खालची जागा दिली. मैफिलीच्या मापाने मोजले म्हणून तसे झाले. मूल किती ऐकले गेले, या मापाने मोजले तर तिची जागा पुष्कळ वर आहे, आणि संगीतोपचाराला तिचीच गरज आहे. तिने मात्र आहे त्यावर थांबू नये. तुमच्या मुलावर उपचार करतो असे आपण एखाद्या आईबापांना सांगतो, तेव्हा ते आपला वेळ, पैसा आणि उरलेली आशा आपल्या हवाली करतात. त्या विश्वासाला पात्र होण्याइतके शिकूनच आपण त्यांच्या दारी जावे, हे माझे आपल्या सर्वांना आग्रहाचे सांगणे आहे.