मध्यरात्रीची घंटा
तंजावरजवळ ओरत्तनाडूला दुसऱ्या सरफोजीराजांनी मुक्तांबाळ छत्र बांधलं. रामेश्वरच्या यात्रेकरूंचं अन्नछत्र. धंद्याच्या नजरेनं बघा: इथली सगळ्यात मोठी जोखीम कोणती? कुणीतरी उपाशी राहील आणि आपल्याला कळणारही नाही, ही.

१८०१ साली राजांनी इंग्रज रेसिडेंटला पत्रातून छत्रांची रीत कळवली. शिजवलेला भात न चालणाऱ्याला कोरडा शिधा. आजाऱ्याला वैद्य. आणि मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा: जेवायचं कुणी राहिलंय का?

ही घंटा म्हणजेच डिझाइन. तक्रारीची वाट न बघता सुटलेल्या माणसाला शोधणारं. गुपचूप निघून गेलेला ग्राहक तक्रारवहीत कधीच सापडत नाही. म्हणून नवं प्रॉडक्ट बाजारात आणण्याआधी ठरवा: आपली घंटा कोणती, आणि ती वाजवायची कुणी?