हाती कॅमेरा नसला तरी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



पुण्यास प्रभात कंपनीचा जो स्टुडिओ होता, तेथे सरकारने १९६० साली चित्रपटविद्या शिकविणारी संस्था काढली. तिलाच आपण फिल्म इन्स्टिट्यूट म्हणतो. तेथे प्रवेश मिळणे फार अवघड. जागा मोजक्या आणि अर्ज देशभरातून. म्हणून आपल्याकडे समजूत अशी की, ज्याने आधीच चित्रपट काढला असेल त्यालाच तेथे घेत असावेत. ही समजूत खरी नाही.

अरुणा राजे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉक्टर व्हावयास गेल्या होत्या. ते शिक्षण मध्येच सोडून त्या या संस्थेत आल्या आणि १९६९ साली पदविका घेऊन बाहेर पडल्या. त्या काळी पडद्यामागच्या तांत्रिक कामात शिकलेली बाई जवळजवळ नव्हतीच. पुढे त्यांनी चित्रपटांचे संकलन केले, ‘रिहाई’ स्वतः दिग्दर्शित केला आणि २०१९ साली मराठीत ‘फायरब्रँड’ काढला. डॉक्टरकी सोडताना घरी काय झाले असेल, ते आपण आया ओळखू शकतो!

संकलन म्हणजे घेतलेली दृश्ये कापून, नको ते टाकून, उरलेली अर्थ लागेल अशी जोडणे. गोधडी शिवणारीला हे निराळे सांगावयास नको.

माझ्या पुतणीला हेच शिकावयाचे आहे. ती बी. ए. झाली आहे, आणि दिग्दर्शन व संकलन यांस कोणत्याही शाखेची पदवी चालते. ध्वनीच्या अभ्यासक्रमास मात्र बारावीला भौतिकशास्त्र असावे लागते. आधी लेखी परीक्षा, मग मुलाखत. घरची मंडळी म्हणतात, हिने कधी कॅमेरा धरला नाही, शिवाय एक चांगले स्थळ आले आहे. स्थळे पुन्हा येतील. पंचविशीनंतर पुण्यास तीन वर्षे कोण पाठवील? माझ्या जाऊबाई समोरच बसल्या आहेत, त्यांनी रागावू नये. या धंद्यात महिन्याच्या महिन्याला पगार मिळेलच असे नाही, ही त्यांची काळजी मात्र रास्त आहे.

यंत्र तेथे शिकवितातच. तुम्ही काय पाहिले, काय वाचले आणि ते नेमके सांगता येते का, हे घरूनच न्यावे लागते. त्याला खुलताबाद का कमी पडावे? श्रावणी शनिवारी रात्रभर चालत भद्रा मारुतीला माणसे येतात. ‘फार गर्दी होती’ असे लिहून भागत नाही. चपला हातात घेऊन चालणारी म्हातारी, तिच्या पुढे जाऊन पुन्हा मागे येणारा नातू, एवढे लिहिले की डोळ्यांपुढे चित्र उभे राहते. उरुसातल्या बांगडीवाल्याचेही तसेच.

पुतणीला मी रोज एक पान असे लिहावयास लावले आहे. पहिली पाने अगदी निबंधासारखी होती, ‘निसर्गरम्य’ हा शब्द तर चार वेळा! आता ती बरे लिहू लागली आहे. जुने चांगले चित्रपटही ती एकदा गोष्टीसाठी आणि दुसऱ्यांदा आवाज बंद करून पाहते. दृश्य कोठे तुटते ते मग कळते. आणखी कोणाच्या मुलीला यावयाचे असेल, तर बुधवारी दुपारी मंडळाची खोली मोकळी असते. वही घरून आणावी.