हात पुढे गेला, वस्तू कुठे आहे?

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा सारांश)



मी काही वक्ता नाही. पाणीपुरवठा खात्यातला डिप्लोमावाला उपयंत्री. आधी एक प्रयोग करू. पेनाचं टोपण काढा, एक डोळा मिटा, हात लांब धरून बाजूने टोपण लावा. बऱ्याच जणांचं चुकलं ना?

आपले डोळे एकमेकांपासून साधारण ६ सेंटिमीटरवर. दोघांना चित्र जरा वेगळं दिसतं आणि त्या फरकावरून मेंदू अंतर ओळखतो. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये हे दाखवून दिलं. माझ्या आईच्या एका डोळ्यात मोतीबिंदू वाढला, तेव्हा निरांजन लावताना तिची काडी वातीच्या अलीकडेच थांबायची. आम्ही म्हणायचो, वय झालं!

आता ऑगमेंटेड रिॲलिटी. म्हणजे समोरच्या खऱ्या दृश्यात संगणकाने काढलेली वस्तू दाखवणं. २०१६ चा पोकेमॉन गो मुलांना आठवत असेल. यासाठीच्या खास चष्म्यात दोन्ही डोळ्यांना वेगवेगळं चित्र मिळतं, तरी हात चुकतो. वस्तू हाताच्या अंतरावर दाखवली की डोळे तेवढे आत वळतात. पण चष्म्याचा फोकस ठरलेला, होलोलेन्समध्ये सुमारे २ मीटरवर. मेंदूला दोन साक्षीदार दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. शिवाय हात पुढे असूनही चित्र हातावरच उमटलं, तर वस्तू हाताच्याही अलीकडे वाटते. सावली नसेल तर ती तरंगते. सावली दिली की टेबलावर बसते.

हे आमच्या कामाचं आहे. जमिनीखालची पाइपलाइन अशा चष्म्यातून दाखवता येते. पण नुसती निळी रेघ काढली, तर ती डांबरावर रंगवल्यासारखी दिसते. म्हणून आधी खड्ड्याचं चित्र काढून त्यात पाइप दाखवावा लागतो. एकदा नकाशावर विसंबून आम्ही मशीन लावली आणि चालू लाइन फुटली. नकाशात जागा बरोबर होती, खोली नव्हती. दोन दिवस वस्तीला पाणी नव्हतं; बायकांची बोलणी मीच खाल्ली. चष्मा आला तरी आधी हाताने खड्डा घेऊन पाहायचा, हे मी तेव्हापासून सोडलेलं नाही.

आईचं ऑपरेशन झालं. यंदा आरतीचं निरांजन तिनेच लावलं. घरातल्या थोरांच्या हातून चहा कपाबाहेर सांडला, तर रागावण्याआधी त्यांचे डोळे तपासून घ्या, एवढीच विनंती.

गणपती बाप्पा मोरया!