शब्द : दिलेला आणि राखलेला

(जाफराबाद येथे दिलेल्या व्याख्यानाचा संक्षिप्त भाग)



खेळणा-पूर्णेच्या संगमावरील या गावात ‘शब्द’ या विषयावर बोलताना प्रथम घरातलीच भाषा आठवते. निरोप घेणारा ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. आपण नारळ फोडत नाही, वाढवतो. व्यापारी रात्री दुकान बंद करीत नाही, वाढवतो. बांगडी फुटली तरी आई ‘वाढवली’ असेच म्हणते. अमंगल उच्चारू नये, हा संस्कार कोणत्याही शाळेविना पिढ्यान्‌पिढ्या चालत आला.

मराठीत ‘शब्द’ म्हणजे वचनही. आपण शब्द देतो, राखतो, शब्दाला जागतो. परंतु मनुष्यस्वभाव चतुर. नकाराचे धैर्य नाही आणि होकार पाळण्याची तयारी नाही, म्हणून त्याने ‘बघू’ हा शब्द हाताशी धरला. वृद्ध वडील डोळे दाखवायला नेण्याविषयी विचारतात, ‘बघू’. शाखेचा कार्यकर्ता दारी येतो, ‘बघू’.

हा दोष माझ्याही पदरी आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतलेले एक वृद्ध गृहस्थ आठवणींची वही घेऊन माझ्याकडे आले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली, तो दिवस त्यांनी त्यात लिहिला होता. मी म्हणालो, “बघू, सप्टेंबरच्या अंकात.” दोन सप्टेंबर उलटले. तिसऱ्या वर्षी त्यांच्या निधनाची वार्ता मीच छापली. वही माझ्या कपाटात होती. पुढे त्या आठवणी प्रसिद्ध झाल्या, पण ज्यांनी त्या वाचायच्या, तेच राहिले नव्हते.

आपल्याच जिल्ह्यातील जांब येथे १६०८ साली समर्थ रामदास जन्मले. लग्नमंडपात ‘सावधान’ ऐकताच ते निघून गेले, असे परंपरा सांगते. तो शब्द प्रत्येक लग्नात उच्चारला जातो. सारेच तो ऐकतात. समर्थांनी तो मानला.

समाजाचे संघटन परस्परविश्वासावर उभे राहते आणि तो विश्वास घरातल्या लहानशा शब्दापासून सुरू होतो. ज्या घरात बापाचा शब्द मुलाला खरा वाटत नाही, तेथे राष्ट्राविषयीचे मोठे शब्द पोकळ ठरतात. म्हणून आज घरी गेल्यावर कोणी काही मागितले, तर ‘हो’ म्हणा किंवा ‘नाही’ म्हणा. ‘हो’ म्हणालात, तर मात्र त्या शब्दाला जागा.