खटक्याचा चाकू आणि कायदा

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन जवळ आले होते. पहिल्या वर्षाच्या वर्गावर शिकवीत असताना मागच्या बाकावर 'खट्' असा आवाज झाला आणि सारी मुले तिकडे वळून पाहू लागली. जाऊन पाहतो तो एका मुलाच्या हातात बटणाचा चाकू! मी हात पुढे केला. "सर, नुसता दाखवायला आणलाय," तो म्हणाला. चाकू माझ्या टेबलाच्या खणात गेला आणि संध्याकाळी मुलाचे वडील आले. "आमच्या वडिलांचा आहे हो, सर. कपाटात असतो," एवढेच ते बोलले. मागाहून कळले ते असे, की आदल्या दिवशी मैदानावर त्या मुलाची कोणाशी तरी बाचाबाची झाली होती.

त्या दिवसापासून या चाकूविषयी मिळेल ते मी वाचू लागलो. श्रोतेहो, त्यातलेच थोडे आज सांगणार आहे.

आधी या चाकूची करणी पाहू. साधा मिटता चाकू आपण नखाने किंवा चिमटीने उघडतो. खटक्याच्या चाकूत स्प्रिंग आधीच ताणलेली असते, पाते मुठीत अडकवून ठेवलेले असते. बटण दाबले की अडसर सुटतो आणि पाते आपणहून बाहेर येते. याचा एक धाकटा भाऊ आहे. त्याला बटण नसते. त्यात पाते मिटलेलेच राहावे अशी ओढ असते. पात्याला जोडलेली खुंटी अंगठ्याने थोडी ढकलावी लागते आणि पाते काही अंशांतून फिरले, म्हणजे मग पुढचे काम स्प्रिंग करते. याला मदतीने उघडणारा चाकू म्हणू. केन ओनियन या अमेरिकन कारागिराच्या अशा रचनेचे चाकू १९९० नंतरच्या दशकात बाजारात आले आणि खूप खपले. दोन्ही चाकू पापणी लवते न लवते तोच उघडतात. पण कायद्याच्या लेखी पुष्कळ ठिकाणी एक गुन्हेगार आणि दुसरा सज्जन! फरक काय, तर पहिला धक्का बटणाला की पात्याला, एवढाच.

ही वस्तू मुळात मारामारीसाठी निघाली असे नाही. जॉर्ज श्रेड याने १८९० नंतरच्या दशकात न्यूयॉर्क राज्यातील वॉल्डेन येथे बटणाचे चाकू करण्याचा कारखाना काढला, तो रोजच्या वापराच्या चाकूंचाच. एक हात कामात गुंतलेला असला तर दुसऱ्या हाताने उघडता यावा, ही त्यातली सोय. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या छत्रीधारी सैनिकांना असे चाकू दिले जात. छत्रीच्या दोऱ्यांत अडकलेल्या माणसाला दोन्ही हात मोकळे कुठून मिळणार? त्याच युद्धातून परतताना पुष्कळ सैनिकांनी इटलीतले निमुळत्या पात्याचे चाकू घरी नेले. आजही संग्राहकांत या इटालियन चाकूंचा मान मोठा आहे.

मग १९५० साल उजाडले. अमेरिकेतील एका महिला मासिकात या चाकूला जीवघेणे खेळणे ठरवणारा लेख आला. पाठोपाठ नाटकांत आणि चित्रपटांत पोरांच्या टोळ्या हे चाकू उघडताना दिसू लागल्या. पालक घाबरले, आणि घाबरण्यासारखे काही नव्हते असे मी म्हणणार नाही. अखेर १९५८ साली अमेरिकेच्या संघराज्याने कायदा करून असे चाकू एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकायला पाठवणे आणि परदेशांतून आणणे बंद केले. पण त्यातही एक अपवाद ठेवला. ज्याला एकच हात आहे, त्याने ३ इंचांपर्यंतच्या पात्याचा असा चाकू बाळगला तर चालतो. चाकू मुळात कशासाठी होता याची आठवण कायद्यानेच जागी ठेवली म्हणायची! पुढे २००९ साली दुरुस्ती झाली आणि मदतीने उघडणारे चाकू त्या बंदीबाहेर काढले गेले.

माझा एक आतेभाऊ तिकडे असतो. त्याला या चाकूंचा छंद. मखमल घातलेल्या खणांत त्याने चाळीसएक चाकू मांडून ठेवले आहेत. तो टेक्सासमध्ये होता तोवर चिंता नव्हती, कारण त्या राज्याने आपली बंदी २०१३ साली उठवली. नोकरीसाठी तो कॅलिफोर्नियात गेला आणि सारे बदलले. तिथे २ इंच किंवा त्याहून लांब पात्याचा खटक्याचा चाकू अंगावर बाळगून हिंडता येत नाही. विकणे तर राहोच, कोणाला भेट देणेही गुन्हा! गेल्या खेपेस फोनवर म्हणाला, "दादा, तुला एक द्यायचा होता रे, पण इथून तुझ्या हातातसुद्धा ठेवता यायचा नाही." मी म्हटले, "अरे, तू दिलास तरी मी तो घेऊन कुठे हिंडणार?"

इंग्लंडात याहून कडक. तिथे १९५९ च्या कायद्याने असे चाकू करणे व विकणे बंद झाले, पण घरात असलेले घरात राहत होते. २०१९ साली नवा कायदा झाला. मदतीने उघडणारे चाकूही त्याच्या व्याख्येत आले आणि २०२१ पासून ते स्वतःच्या घरी ठेवणेही गुन्हा ठरले. त्याआधी काही महिने सरकारने चाकू जमा करून भरपाई मागण्याची मुभा दिली होती. ज्याने आयुष्यभर कोणाला ओरखडा काढला नाही, त्यानेही आपला छंद पोलीस ठाण्यात नेऊन ठेवायचा. हा अन्याय नाही का? आहे. पण ज्या आईचा मुलगा रस्त्यावर भोसकला गेला, तिच्यापुढे उभे राहून हा शब्द उच्चारणे अवघड आहे.

आता आपल्याकडे वळू. बटणाचा चाकू म्हटला की आपल्याला आठवतो रामपुरी. उत्तर प्रदेशातले रामपूर हे त्याचे गाव. चित्रपटांनी या चाकूला खलनायकाच्या हाती दिले. त्याच रामपुरात २०२३ साली चौकात वीस फुटी चाकू उभारला गेला. गावाला आपल्या कारागिरीचा अभिमान आहे.

आपला शस्त्र कायदा १९५९ चा. निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापराची हत्यारे त्याने शस्त्रांतून वगळली. त्यामुळे विळी, कोयता, खुरपे निर्धास्त. नियमांतल्या शस्त्रांच्या यादीत तलवारी आणि गुप्त्या यांच्याबरोबर ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे सुरे येतात. त्याखेरीज एखाद्या प्रदेशापुरती अधिसूचना काढता येते. दिल्लीत १९८० साली अशी निघाली आणि ७.६२ सेंटिमीटर लांबीचे पाते असलेला बटणदार चाकूही कायद्याच्या कक्षेत आला. महाराष्ट्रात १९५१ च्या पोलीस कायद्याचे ३७ वे कलम आहे. त्याखाली जमावबंदीसारखे हुकूम निघतात तेव्हा सुरा, चाकू, काठी यांतले काहीही घेऊन हिंडण्यास मनाई होते. म्हणजे काल चालत होते ते आज चालेलच असे नाही.

छंद असलेल्यांना माझे सांगणे एवढेच. वस्तू घेण्याआधी आपल्या गावचा नियम विचारा, परगावी जाताना तिथला विचारा, पाते मोजून ठेवा, आणि चाकू खिशात घालू नका. खणात असतो तोवर तो कारागिरीचा नमुना आहे. खिशात गेला की रागाच्या एका क्षणाला तो फार जवळ येतो, आणि त्या क्षणी विचार करायला सवड राहू नये अशीच त्याची करणी आहे.

त्या संध्याकाळी मी चाकू वर्तमानपत्रात गुंडाळून त्या गृहस्थांच्या हाती दिला. म्हटले, "मुलाला आजोबांची गोष्ट जरूर सांगा. चाकू मात्र कुलपात राहू द्या."