सुतापासून संगणकापर्यंत
(विहाराच्या वर्धापन दिनी म्हसावद येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



यंदा समितीने आम्हाला विषय दिला तो संगणकाच्या पदवीचा. बारावीनंतर वेबसाइट आणि मोबाइलचे अॅप तयार करण्याचे शिक्षण घ्यावे का, घ्यायचे तर कसे, यावर बोला म्हणाले. सूतगिरणीत रिंग फ्रेमवर तुटलेला धागा सांधणाऱ्या माणसाला हा विषय कशाला, असे कुणाच्या मनात आले असेल. पण बांधवांनो, या विषयाचे मूळ आपल्याच धंद्यात आहे.

१८०४ साली फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार्ड या विणकराने एक माग काढला. त्यात पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडलेली असत. भोक असेल तिथला ताण्याचा धागा वर उचलला जाई, नसेल तिथला खालीच राही. पट्ट्यांची माळ बदलली की कापडावरची नक्षी बदले. माग तोच, कारागीर तोच, आज्ञा मात्र वेगळ्या. पुढे इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने हीच युक्ती हिशेबाच्या यंत्रासाठी योजली. १८४३ साली एडा लव्हलेस या बाईने त्या यंत्राला टप्प्याटप्प्याने आज्ञा कशा द्यायच्या ते लिहून छापले. आज ज्याला प्रोग्राम म्हणतात तो हाच. भोक आहे किंवा नाही, एक किंवा शून्य, एवढ्यावर सगळे उभे आहे. तेव्हा हे शास्त्र आभाळातून पडलेले नाही, कामगाराच्या मागावरून निघालेले आहे. आपल्या पोरांना ते जमणार नाही असे म्हणायला जागा नाही.

आता याची गरज काय ते पाहू. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले ते आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभली गावी. तेव्हाचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग स्वतः आले होते. त्यानंतर काय काय बदलले ते आपण रोज पाहतो. रेशनला गेले तर मशीनवर अंगठा. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर. सातबारा, जातीचा दाखला, पिकाची नोंद, सगळे पडद्यावर. कष्टाने झिजलेल्या बोटाचा ठसा उमटला नाही तर म्हातारी रिकामी पिशवी घेऊन परत फिरते. अर्जाचे पान पुढे सरकले नाही तर पोराचे वर्ष टांगणीला लागते. आपण दुकानदारावर चिडतो, कारकुनावर चिडतो. पण ठसा उमटला नाही तर पुढे काय करायचे, हे कुणीतरी आधी बसून ठरवलेले असते आणि प्रोग्राममध्ये लिहिलेले असते. लिहिणाऱ्याने झिजलेले बोट कधी पाहिलेच नसेल तर त्याला ते सुचणार कसे? म्हणून आमचे म्हणणे असे की जिथे हे लिहिले जाते त्या खुर्चीवर आपली मुले-मुली बसली पाहिजेत. नोकरी हा एक भाग झाला, हा दुसरा भागही तितकाच मोठा आहे.

आता हे शिक्षण म्हणजे नेमके काय? आम्ही गिरणीच्या भाषेत सांगतो. कापूस थेट सूत होत नाही. ब्लो रूम, कार्डिंग, ड्रॉ फ्रेम, सिम्प्लेक्स, रिंग फ्रेम, वाइंडिंग अशी खाती ओलांडावी लागतात. वेबसाइटचेही तसेच. पानावर काय आहे ते एचटीएमएल सांगते. ते दिसेल कसे ते सीएसएस ठरवते. बटण दाबल्यावर काय घडायचे ते जावास्क्रिप्ट पाहते. मागच्या बाजूला सर्व्हर असतो, त्यावर जावा, पायथन, पीएचपी अशा भाषांत लिहिलेला प्रोग्राम चालतो. आणि सगळी माहिती जिथे नीट लावून ठेवतात ते गोदाम म्हणजे डेटाबेस. एका खात्यात बिघाड झाला की तो पुढच्या सगळ्या खात्यांत दिसतो, हे गिरणी कामगाराला वेगळे सांगायला नको.

या वेबचा जन्म १९८९ सालचा. टिम बर्नर्स-ली या शास्त्रज्ञाने स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधन संस्थेत ती कल्पना मांडली, आणि १९९३ साली त्या संस्थेने ती सर्व जगाला फुकट वापरायला मोकळी केली. मालकी हक्क ठेवला असता तर आज गरिबाच्या पोराला ती शिकायलाही पैसे मोजावे लागले असते. ज्ञान कुलूपबंद ठेवले की काय होते हे आपल्या समाजाइतके कुणाला ठाऊक आहे?

पदवीचे मुख्य रस्ते दोन. एक बी.सी.ए., म्हणजे संगणक उपयोजनाची पदवी. बारावी कोणत्याही शाखेतून झालेली मुले तिकडे जाऊ शकतात. दुसरा बी.एस्सी. संगणकशास्त्र किंवा माहिती तंत्रज्ञान, त्याला सहसा विज्ञान शाखा लागते. दोन्हीकडे प्रोग्रामिंगची भाषा, डेटाबेस, नेटवर्क, थोडे गणित, वेब आणि अॅपचे काम हे विषय येतात आणि शेवटी एक प्रकल्प करावा लागतो. बी.सी.ए.नंतर दोन वर्षांत एम.सी.ए. करता येते. आपला जिल्हा जळगावच्या विद्यापीठाखाली येतो. ते १९९० साली स्थापन झाले आणि २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव मिरवते. पोट भरत शिकायचे असेल त्याच्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, तिथेही बी.सी.ए. आहे.

एक गोष्ट पालकांनी गाठीला बांधावी. २०२४ पासून बी.सी.ए. हा अभ्यासक्रम एआयसीटीई या केंद्रीय परिषदेच्या कक्षेत आला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात त्याच्या प्रवेशासाठी सीईटी सुरू झाली. त्यामुळे बारावीचा निकाल लागल्यावर चौकशीला निघाल तर उशीर होईल. परीक्षेचा अर्ज बारावीच्या वर्षातच भरायचा असतो. काही महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे नाव बदलून तो वेगळ्या पदवीखाली चालवला आहे. प्रवेश घेण्याआधी पदवीचे पूर्ण नाव काय, मान्यता कुणाची, आणि पुढे एम.सी.ए.ला चालते का, हे तीन प्रश्न लेखी विचारा. तोंडी उत्तरावर फी भरू नका.

पैशाचे म्हणाल तर १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळू लागल्या. त्यासाठी आपल्या आधीच्या पिढीने मोर्चे काढले, तुरुंग पाहिले. आज मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना मिळते, त्यावर उत्पन्न असेल तर फ्रीशिपचा अर्ज करता येतो. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मात्र उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधारला जोडलेले बँक खाते, यातला एक कागद राहिला तरी अर्ज अडतो. दहावीच्या सुट्टीतच हे कागद काढून ठेवावेत.

आमच्या ओळखीतल्या एका घरातली गोष्ट सांगतो. बाप केळीच्या बागेत मजुरीला, मुलगी बारावीला चांगल्या गुणांनी पास. तिला बी.सी.ए. करायचे होते. नातेवाईक म्हणाले, शहाद्याला रोज एसटीने जायचे, संध्याकाळी उशीर व्हायचा, मुलीच्या जातीला कशाला? दोन वर्षांत लग्न करून टाका. तिची आई एवढेच म्हणाली, "मी अंगठा देते, ती तरी अंगठ्याचं मशीन समजून घेऊ दे." मुलगी आज दुसऱ्या वर्षाला आहे. घरी संगणक नाही. महाविद्यालयात जेवढा वेळ मिळतो तेवढाच सराव, बाकीचे वहीवर लिहून काढते. बांधवांनो, पोहायला शिकवायचे आणि विहीर दाखवायची नाही, असला हा प्रकार आहे. प्रोग्राम वहीवर चालत नाही. तो चालवून, चुकवून, पुन्हा दुरुस्त करूनच येतो.

दोन सावधगिऱ्या सांगतो. पहिली, सहा महिन्यांत नोकरीची हमी असे बोर्ड लावून हजारो रुपये मागणारे क्लास. त्यासाठी कुणी दागिना गहाण ठेवू नये, सावकाराच्या दारात जाऊ नये. सरकारच्या स्वयं या व्यासपीठावर चांगल्या प्राध्यापकांचे धडे फुकट पाहता येतात, परीक्षा द्यायची असेल तरच फी लागते. दुसरी गोष्ट कृत्रिम बुद्धिमत्तेची. २०२२ च्या अखेरीपासून अशी साधने आली की तीच प्रोग्राम लिहून देतात. मग शिकून उपयोग काय, असे मुले विचारतात. प्रश्न खोटा नाही. नवशिक्याला मिळणारे साधे काम यापुढे पहिल्यासारखे राहणार नाही, हे मान्य करावे लागेल. पण वाइंडिंगला ऑटोकोनर आला तेव्हा गाठी मारणारे हात कमी झाले, आणि सुतात दोष कुठून आला हे ओळखणाऱ्याची किंमत वाढली. यंत्राने लिहिलेले बरोबर की चूक, आणि ते कुणावर अन्याय तर करत नाही ना, हे पाहायला पाया पक्का लागतो. म्हणून पाठांतराने पदवी घेऊ नका. समजून घ्या.

इंग्रजीची भीती धरू नका. पुस्तक इंग्रजीत असले तरी विचार मराठीत करता येतो, अहिराणीतही करता येतो. आणि अहिराणीत, पावरीत, भिलीत बोलणाऱ्या माणसाला समजेल असे अॅप करायचे झाले तर ते करायला सातपुड्याच्या पायथ्याचेच पोरगे लागेल.

बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा वर्ग सकाळी ठेवले, का तर नोकरी करणाऱ्या गरीब मुलांना शिकता यावे. शिकणाऱ्याची अडचण ओळखून सोय करायची, हा धडा आपण घ्यायचा आहे.

म्हणून समितीपुढे आमची सूचना अशी. विहाराच्या बाजूच्या खोलीत दोन जुने पण चालू संगणक आणि इंटरनेटची जोडणी करावी. संध्याकाळी सहा ते नऊ खोली उघडी ठेवावी, पहिला तास मुलींसाठी राखून. शिकत असलेल्या मुलांनी आठवड्यातून एक दिवस लहानांना शिकवावे, आणि त्याच दिवशी वस्तीतल्या लोकांचे शिष्यवृत्तीचे व रेशनचे अर्ज भरून द्यावेत. खर्चासाठी दर घरामागे महिन्याला पन्नास रुपये. हिशेब दर पौर्णिमेला फळ्यावर लिहावा. आम्ही गिरणीतले सहकारी पहिल्या संगणकासाठी वर्गणी सुरू करतो आहोत, यादी आजच कार्यक्रमानंतर दारापाशी ठेवली आहे. ज्यांना पैसे देणे जमणार नाही त्यांनी खोलीला चुना लावायला रविवारी यावे.

एवढे बोलून आम्ही थांबतो. जयभीम! जय भारत!