बांधावरची भुईआवळी

नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, पावसाळ्यात पिकात तण म्हणून भुईआवळी उगवतेच. वीतभर रोप, फांदी उलटून पाहिली की पानांखाली मोहरीएवढी हिरवी फळं ओळीनं लटकलेली. खुरपताना बायका ती उपटून बांधावर टाकतात आणि घरात कुणाचे डोळे पिवळे झाले की तीच शोधायला निघतात. वाटून ताकातून द्यायची, तेल-तूप बंद.

कावीळ उतरतेही. पण दूषित पाण्यातून होणारी ‘ए’ प्रकारची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपण बरी होते. त्या दिवसांत जे पोटात जाईल, त्याला यश येतं. म्हणून औषध न दिलेल्यांशी ताडून पाहावं लागतं. मद्रासच्या त्यागराजन यांनी ते केलं. हिपॅटायटिस ‘बी’च्या ३७ वाहकांना महिनाभर भुईआवळी दिली, २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली. नुसतीच दिखाऊ गोळी घेतलेल्या २३ जणांत एकाचीच गेली. १९८८ साली हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, आणि सहलेखक होते या विषाणूचा शोध लावणारे नोबेल विजेते ब्लुमबर्ग! केवढी आशा वाटली असेल. पुढे इतरांच्या चाचण्यांत मात्र तसं यश दिसलं नाही.

भुईआवळीतलं फायलँथिन, कुटकीतली पिक्रोसाइडं, काळमेघातलं अँड्रोग्राफोलाइड या वनस्पतींतल्या द्रव्यांवर आपल्याकडे फार्मसीची मुलं मनापासून काम करतात. उंदराला आधी अर्क देतात, मग कार्बन टेट्राक्लोराइड. यकृतात त्या विषाचे आक्रमक तुकडे होतात, पेशी फुटतात, रक्तातलं एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या इजेची खूण, चढतं. अर्क दिलेल्या उंदरात कमी चढतं. हे खरंच आहे. पण आपण कावीळ झाल्यावर औषध शोधतो, आधी नाही. तिथेच हे संशोधन अडतं, आणि माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांना पैसा मिळायला हवा असं मला कळकळीनं वाटतं.

तोवर बाटलीवरच्या ‘नैसर्गिक’ या शब्दावर विसंबू नका. करोनाकाळात मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणारे ६ रुग्ण यकृताला सूज आलेले पाहिले. आयुष मंत्रालयानं त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. अमेरिकेतल्या यकृतविकारांच्या नोंदजाळ्यानं हळदीच्या गोळ्यांनी बाधलेले १० जण नोंदवले. पाच इस्पितळात गेले, एक दगावला. काही गोळ्यांत मिऱ्याचा अर्क होता. त्यानं हळद रक्तात कितीतरी जास्त उतरते. आमटीतली चिमूटभर हळद वेगळी. डॉक्टर औषधं विचारतात तेव्हा या गोळ्यांची नावंही सांगा, विशेषतः घरी आलेल्या आई-वडिलांच्या बॅगेतल्या पुड्यांची.